संकटात सापडलेले मूल आणि शिक्षक

गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वडसा हे स्थानक लागते. तेथील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ रोजी रात्री, भावाच्या फिर्यादीसंबंधी जबानी देण्यास आलेल्या एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले. परंतु १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. भीतीने शरण जाणे निराळे आणि संमती देणे निराळे, असे पुढील वर्षी चार विधि-प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्राद्वारे कळविले. देशभर चळवळ झाली व १९८३ मध्ये कायदा बदलला.

भीतीने गप्प राहिलेले असे मूल वर्गातही असू शकते. अभ्यासातून अकस्मात मन उडणे, शाळा सुटल्यावर घरी जाण्यास टाळाटाळ करणे, एखाद्याचे नाव निघताच आक्रसून जाणे, ही त्याची चिन्हे असू शकतात. एकाच चिन्हावरून तर्क बांधू नये, हे खरे. तथापि अत्याचार करणारा बहुधा मुलाच्या ओळखीचाच असतो, याचाही विसर पडू नये.

कामठ्याच्या शाळेत एखाद्या मुलीने मधल्या सुट्टीत बाईंजवळ मन मोकळे केले, असे समजू. बाईंनी शांतपणे ऐकावे. ‘तू तेथे गेलीसच कशाला?’ हा प्रश्न तोंडातून निघू देऊ नये. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. मुलीचेच शब्द त्याच दिवशी लिहून ठेवावेत. खोदून खोदून चौकशी करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. ज्याचे नाव निघाले त्याला बोलावून जाब विचारणे तर घातकच होय.

पुष्कळदा गावातील वडीलधारी मंडळी चांगल्या हेतूनेच प्रकरण आपसांत मिटविण्याचा सल्ला देतात. तो मानू नये. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अशी माहिती पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुख्याध्यापकांची अनुमती मिळाली नाही म्हणून हे कर्तव्य टळत नाही. सद्भावनेने खबर देणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे.

खबर जवळच्या ठाण्यात किंवा ११२ वर द्यावी. मुलांसाठी १०९८ हा विनामूल्य क्रमांक अहोरात्र चालतो. घटना सीमेपलीकडे बालाघाट जिल्ह्यात घडली असली तरी येथील ठाण्याने फिर्याद नोंदवून घेतलीच पाहिजे. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीस कळवावयाचे असते. मुलाची जबानी त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने व गणवेश न घालता घ्यावी, असा नियम आहे. १९७२ च्या त्या रात्रीनंतर कायदा किती दूर आला, ते येथे दिसते.

औषधोपचारास मात्र विलंब नको. सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही रुग्णालयाने विनामूल्य प्रथमोपचार केलेच पाहिजेत. फिर्याद आधी दाखल असण्याची अट नाही. गोंदियास बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहे. काही प्रतिबंधक औषधे बहात्तर तासांच्या आतच उपयोगी पडतात. तपासणीपूर्वी शक्यतो स्नान करू नये, कपडे धुऊ नयेत; मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरच करते व विश्वासातील व्यक्ती जवळ राहू शकते.

एखाद्या विद्यार्थ्याची आई घरी मार खात असेल, तर प्रश्न थोडा निराळा. ती सज्ञान आहे, निर्णय तिचा. तिला १८१ हा क्रमांक, जिल्ह्यातील सखी केंद्र आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालील संरक्षण अधिकारी यांची माहिती एकांतात द्यावी. चिठ्ठी लिहून देऊ नये. ती नवऱ्याच्या हाती पडू शकते.

मूल शाळेत परतल्यावर त्याचे नाव शिक्षकांच्या खोलीतही चर्चेत येऊ नये. ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. हजेरीपटावर त्या दिवसांपुढे ‘रजा’ एवढेच लिहावे आणि त्याला त्याच्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या सोबत्याशेजारी बसू द्यावे.