बायकांचे ‘पित्त’ आणि हृदयविकाराचा झटका

परवा दवाखान्यात एका गृहस्थांनी मला विचारले, “डॉक्टर, हार्ट अटॅक म्हणजे पुरुषांचा रोग ना? आमच्या घरातल्या बायकांना तो कशाला येईल?” गृहस्थ चांगले शिकलेले आहेत. त्यांच्यासारखा समज आपल्याकडे अनेकांचा आहे. एके काळी थोडाफार तो माझाही होता आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली. म्हणून आज हा विषय घेतो.

१९९८ च्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी नऊच्या सुमारास पंचावन्न वर्षांची एक विडी कामगार बाई मुलीचा हात धरून माझ्या दवाखान्यात आली. “डॉक्टरसाहेब, पित्त लई खवळलंय. रात्रभर मळमळतंय, पाठ भरून आलीय. एक सुई द्या, म्हणजे कामाला बसते.” तिला मधुमेह होता. अंगाला घाम सुटला होता. पण मे महिन्यात सोलापुरात घाम कोणाला नसतो? मी रक्तदाब पाहिला, पोट तपासले, पित्ताचे इंजेक्शन दिले आणि घरी पाठवले. दुपारी चार वाजता मुलगी एकटीच परत आली. तिला मृत्यूचा दाखला हवा होता.

दाखल्यावर मृत्यूचे कारण लिहायच्या जागी माझे पेन थांबले. त्याच वयाचा, मधुमेह असलेला एखादा पुरुष तशाच घामाघूम अवस्थेत आला असता, तर मी त्याला तडक कार्डिओग्राम काढायला पाठवले असते. बाईने ‘पित्त’ म्हटले आणि मीही ‘पित्त’ म्हटले. त्याच वर्षी मी दवाखान्यात कार्डिओग्रामचे यंत्र घेतले.

चित्रपट आणि नाटकांतून घराघरांत पोहोचलेल्या अभिनेत्री रीमा लागू आपल्या सर्वांना आठवत असतील. १८ मे २०१७ रोजी पहाटे मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५८. आदल्या दिवशी त्या मालिकेच्या चित्रीकरणाला हजर होत्या. ती बातमी ऐकल्यावर पुढचे काही दिवस माझ्या दवाखान्यात बायका आपणहून रक्तदाब तपासून घ्यायला येत होत्या. नंतर सगळे पूर्ववत झाले.

झटका म्हणजे नेमके काय?

हृदय हा स्नायूचा पंप आहे. सगळ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या या पंपालाही स्वतःसाठी रक्त लागते. ते त्याला तीन मुख्य रक्तवाहिन्यांतून मिळते. या वाहिन्यांच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षे चरबीचा थर साचत जातो. एखाद्या दिवशी हा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि वाहिनी बंद होते. त्यापुढच्या स्नायूला प्राणवायू मिळेनासा होतो. साधारण अर्ध्या तासापासून तो स्नायू मरू लागतो आणि काही तासांत त्याचा मोठा भाग कायमचा निकामी होतो. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून या आजारात औषधाइतकेच महत्त्व घड्याळाला आहे.

बायकांत तो कसा ओळखावा?

छातीत दुखणे हे स्त्रियांमध्येही सर्वांत जास्त आढळणारे लक्षण आहे, हे आधी ध्यानात ठेवा. मात्र सिनेमात दाखवतात तसे छातीवर हात दाबून कोसळणे प्रत्यक्षात क्वचितच घडते. बायका ‘दुखतंय’ असेही म्हणत नाहीत. ‘छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय’, ‘आवळल्यासारखं होतंय’, ‘जळजळतंय’, ‘भरून आलंय’ असे त्या सांगतात. याशिवाय पुढील लक्षणे स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा अधिक वेळा दिसतात आणि कधी कधी छातीत न दुखताही ती येतात:

दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाठीत, मानेत, जबड्यात किंवा हातात दुखणे. मळमळ, उलटी, पोटाच्या वरच्या भागात दाब. रोजचेच काम करताना किंवा स्वस्थ बसल्या जागी धाप लागणे. पंख्याखाली बसूनही दरदरून थंड घाम येणे. जीव घाबरा होणे, चक्कर येणे. आणि कधी न जाणवलेला थकवा. नेहमीच्या चार भाकरी थापतानाही बसावेसे वाटावे असा. हा थकवा काही जणींना झटक्याच्या आधी कित्येक दिवस जाणवत असतो.

मग पित्त कोणते आणि हृदयविकार कोणता, हे घरच्या घरी कसे ओळखायचे? खरे सांगायचे तर खात्रीने ओळखता येत नाही. कार्डिओग्राम काढल्याशिवाय ते डॉक्टरलाही ओळखता येत नाही. तरी एक खूणगाठ बांधा. त्रास चालल्याने, जिना चढल्याने, ओझे उचलल्याने वाढत असेल आणि बसल्यावर कमी होत असेल, तर तो पित्ताचा समजू नका. आणि वरीलपैकी कोणताही त्रास नव्याने सुरू होऊन पंधरा मिनिटांत थांबला नाही, तर ओवा, सोडा, लिंबूपाणी यांत वेळ घालवू नका.

मधुमेही बायकांनी दुप्पट सावध राहावे. जुन्या मधुमेहात नसा बधिर होतात, त्यामुळे झटका आला तरी छातीत दुखतेच असे नाही. नुसती धाप आणि घाम, एवढेच दिसते. माझ्या त्या रुग्ण बाईचे तेच झाले होते.

कोणाला धोका अधिक?

पाळी चालू असेपर्यंत स्त्रीला संप्रेरकांचे काही प्रमाणात संरक्षण असते. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासात स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सरासरी नऊ वर्षे उशिरा आल्याचे दिसले. म्हणजे झटका टळत नाही, लांबतो. त्याच अभ्यासात असेही दिसले की, आपल्या भारतीय उपखंडातील लोकांना तो इतर देशांतील लोकांपेक्षा पाच-सहा वर्षे लवकर येतो. आणि मधुमेह किंवा तंबाखू यांची जोड मिळाली की पाळीचे संरक्षण जवळजवळ संपते.

तंबाखू म्हटले की आपल्याकडच्या बायका सांगतात, “आम्ही कुठं विडी ओढतो?” ओढत नाहीत हे खरे, पण मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच होय. हिरड्यांतून तिचा अंश थेट रक्तात जातो, नाडी आणि रक्तदाब वाढवतो. दिवसातून चार वेळा मिश्री लावणारी बाई स्वतःला निर्व्यसनी समजते, ही आपल्या भागातली मोठी अडचण आहे.

याखेरीज उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल, पोटावरची चरबी, आणि आईवडील किंवा भावंडांत कोणाला लवकर आलेला हृदयविकार, ही कारणे आहेतच. गरोदरपणी ज्यांचा रक्तदाब वाढला होता किंवा साखर वाढली होती, त्यांना पुढील आयुष्यात हा धोका अधिक असतो. बाळंतपण होऊन वीस वर्षे झाली असली तरी डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

अशा वेळी काय करावे?

रुग्णाला बसवा किंवा टेकून झोपवा. चालवू नका, जिना उतरायला लावू नका. लगेच १०८ क्रमांकावर फोन करा. ही मोफत रुग्णवाहिका सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. रुग्णाला स्कूटरवर मध्ये बसवून आणू नका. गाडीत रुग्णाची शुद्ध गेली तर काही करता येत नाही. रुग्णवाहिकेत करता येते.

ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, पोटात अल्सरचा रक्तस्राव किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला नसेल, तर ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खायला द्यावी. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ या अभ्यासात सतरा हजारांहून अधिक रुग्ण होते. झटक्यानंतर लगेच सुरू केलेल्या ॲस्पिरिनमुळे मृत्यूचे प्रमाण जवळजवळ पाव हिश्श्याने घटले, असे त्यात दिसून आले. जिभेखाली ठेवायची गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये. रक्तदाब आधीच कमी असेल तर तिने तो आणखी घसरतो.

रुग्णालयात गेल्यावर “पित्ताचा त्रास आहे” असे सांगू नका. “हृदयाचा काही त्रास आहे का, ते आधी बघा,” असे स्पष्ट म्हणा. पहिला कार्डिओग्राम नॉर्मल आला म्हणून घरी निघू नका. कित्येकदा तो पहिल्या वेळी नॉर्मल असतो. काही वेळाने तो पुन्हा काढावा लागतो आणि रक्तातील ट्रोपोनिनची तपासणीही काही तासांच्या अंतराने करावी लागते. झटका नक्की झाला की गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देतात किंवा अँजिओप्लास्टी करून स्टेंट, म्हणजे लोक ज्याला ‘स्प्रिंग’ म्हणतात ती, बसवतात. दोन्हींचा फायदा जितक्या लवकर करू तितका जास्त.

खर्चाच्या धास्तीने घरचे लोक थांबतात आणि बाईच्या बाबतीत जरा जास्तच थांबतात, हे मी लपवणार नाही. राज्य शासनाची आरोग्य योजना २०१२ साली सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला सोलापूर जिल्हा होता. आता ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. तिच्यात अँजिओप्लास्टी समाविष्ट आहे. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात, त्यांना भेटावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड कुठे ठेवले आहे, ते घरातल्या दोघांना तरी माहीत असावे.

घरी आल्यानंतर

दोन वर्षांपूर्वी बावन्न वर्षांच्या एका मावशींना त्यांच्या सुनेने रिक्षातून माझ्याकडे आणले. पाठीत आणि जबड्यात दुखत होते, घाम होता. मावशी म्हणत होत्या, “हिला उगाच घाई. पित्त आहे माझं.” सून म्हणाली, “असू द्या पित्त. पट्टी काढून घेऊ.” पट्टी नॉर्मल आली. तरी मी त्यांना ॲस्पिरिन देऊन १०८ ने मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे दुसऱ्या पट्टीत झटका दिसला आणि त्याच दिवशी स्टेंट बसला. सुनेच्या हट्टाने मावशी वाचल्या.

दहाव्या दिवशी मी घरी गेलो तर मावशी चुलीपुढे बसून भाकरी करत होत्या. घरात बाकी सगळे होते. पुरुषाला झटका आला की घर त्याच्याभोवती फिरते. बाईला आला की ती घराभोवती फिरू लागते. सांगणारे कोणी नसते, म्हणून मी सांगतो.

पहिला आठवडा घरातल्या घरात हळू चालावे. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळ-संध्याकाळ पाच-दहा मिनिटे सपाट रस्त्यावर फिरावे आणि दीड महिन्यात हे फिरणे अर्ध्या तासावर न्यावे. चालता चालता बोलता आले पाहिजे, एवढाच वेग ठेवावा. सोलापूरच्या उन्हात फिरू नये. पाण्याची घागर, गॅसची टाकी, दळणाचा डबा, ओले कपडे पिळणे हे दीड महिना इतरांकडे द्यावे. दोन जिने धाप न लागता चढता येऊ लागले की बहुतेक नेहमीची कामे आणि पती-पत्नीसंबंधही डॉक्टरांना विचारून सुरू करता येतात. आहारात मीठ, लोणचे, पापड, तळलेले कमी करावे. शेंगाची चटणी आपली आवडती आहे, पण ती चवीपुरतीच घ्यावी. मिश्री कायमची बंद.

आता सर्वांत महत्त्वाचे. मावशींनी नवरात्रात नऊ दिवस उपवास धरला आणि “उपवासाला काही चालत नाही” म्हणून गोळ्याही बंद केल्या. सातव्या दिवशी छातीत पुन्हा दुखू लागले. सुनेने पुन्हा रिक्षा आणली, म्हणून त्या दुसऱ्यांदा वाचल्या. स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या थांबवल्या तर त्याच्यात गुठळी होऊ शकते. एकादशी असो, चतुर्थी असो, गोळी घेतल्याने उपवास मोडत नाही. बरे वाटते म्हणून, पैसे संपले म्हणून किंवा शेजारणीने सांगितले म्हणून गोळी थांबवू नका. अडचण असेल तर डॉक्टरांना सांगा, स्वस्त पर्याय निघतो.

झटक्यानंतर पुष्कळ बायकांना विनाकारण रडू येते, झोप लागत नाही, एकटे राहायची भीती वाटते. ही नाटके नव्हेत, हा आजाराचाच भाग आहे आणि त्यावर उपचार आहेत. २०२३ साली अभिनेत्री सुश्मिता सेन यांनी आपल्याला झटका येऊन स्टेंट बसल्याचे स्वतः जाहीर केले आणि पुढे त्या कामावर परतल्या. वेळेवर उपचार आणि नियमित औषधे असतील तर आपल्या घरातली बाईही तशीच परतू शकते.

ते पहिले ‘पित्त’ मी ओळखू शकलो नाही. त्या मुलीचे आता स्वतःचे वय पन्नाशीकडे आले आहे. ती वर्षातून एकदा रक्तदाब, साखर तपासायला येते आणि जाताना विचारते, “पट्टी पण काढायची का?” मी काढतो. आज रात्री जेवताना आपल्या घरातल्या बाईला एवढेच विचारा: “चालताना धाप लागते का? मळमळ, पाठदुखी नवी आहे का?” उत्तर ‘हो’ आले, तर उद्यावर ढकलू नका.