डावं मागचं चाक

संपादकांनी मला पाठवलं होतं ते पासिंगवर लिहायला. ८ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेसचा दाखला घ्यावा लागतो. त्या एका कागदापायी कराडच्या गॅरेजांत काय धावपळ चालते ते बघून ये, म्हणाले. मी गेले, आणि एका जुन्या ४०७च्या डाव्या मागच्या चाकापाशी अडकून पडले.

४०७चा इतिहास सांगायचा तर १९८६ साली टाटांनी ही गाडी बाजारात आणली, तेव्हा समोर डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, ऑल्विन निस्सान आणि आयशर मित्सुबिशी अशा जपानी नात्यागोत्याच्या चार गाड्या उभ्या होत्या. आपल्याकडचा रस्ता आणि आपल्याकडचा ओव्हरलोड यांचा अंदाज टाटांना जास्त होता. एवढं पुरे.

या गाडीचा मालकच ड्रायव्हर. कराडहून भाजी भरायची, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा आणि चिपळूणला खाली करायची. त्याची तक्रार एका ओळीची होती. "घाट उतरताना डावं मागचं पकडतंय. रोज न्हाय, कधीमधी. आन् हितं आणलं की सोडतंय."

यापायी दुसऱ्या एका गॅरेजात तीनदा लायनर बदलून झाले होते, व्हील सिलिंडरचं किट दोनदा टाकलं होतं, ड्रमला लेथवर टर्न मारून झाला होता. दर वेळी चार-आठ दिवस बरे जायचे. त्या गॅरेजवाल्यालाही मी फार दोष देणार नाही. पार्ट बदलला की बिल होतं. नुसता विचार केल्याचं बिल कसं करणार?

ड्रम ब्रेकची गंमत अशी की तो स्वतःच स्वतःला जोर देतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या ओतीव लोखंडाच्या ड्रमच्या पोटात, न फिरणाऱ्या बॅक प्लेटवर, लायनर चढवलेले चंद्रकोरीसारखे दोन शू बसवलेले असतात. पेडल दाबलं की व्हील सिलिंडर त्यांना बाहेर ढकलतो, सोडलं की रिटर्न स्प्रिंग आत ओढते. यातल्या पुढच्या शूला फिरता ड्रम आणखी आपल्याकडे खेचून घेतो. दाराखाली सरकवलेली पाचर दार रेटलं की जास्तच घट्ट बसते, तसं. म्हणून पायाचा थोडा जोर पुरतो, आणि म्हणूनच आतली बारीकशी खोडसुद्धा बाहेर मोठी होऊन दिसते. शिवाय सगळा कारभार बंद डब्यातला. उघडल्याशिवाय दिसत नाही, आणि उघडताना आतलं सगळं जागचं हलतं.

इथले मिस्त्री साठीच्या आसपासचे. त्यांनी त्या चाकाला हातच लावला नाही. "खोललं की सपलं. मग इचारायचं कुणाला?" दुसऱ्या दिवशी पहाटे भरलेल्या गाडीत तेच बसले, सोबत जॅक, लाकडी ठोकळे आणि पाण्याची बाटली. मधल्या जागेवर मी.

घाट उतरून पोफळीला येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. शेवटच्या वळणांत गाडी डावीकडे रेंगाळायला लागली आणि मला रबर तापल्यासारखा वास आला. सपाटीला गाडी घेतली, बाकीच्या चाकांना दगड लावले. मिस्त्रींनी आधी उजव्या ड्रमवर चार थेंब टाकले. थेंब थोडे घरंगळले आणि सावकाश वाळले. डाव्यावर टाकले तर चर्र झालं, थेंब दिसलेच नाहीत.

"ताई, हात लावू नका."

जॅक लावला, अ‍ॅक्सलखाली ठोकळे दिले. जोडचाक दोघांच्या जोरानंही फिरेना. आता मिस्त्रींनी जे केलं त्यासाठी मी हा लेख लिहिते आहे. ब्रेकची हवा काढायचं निपल असतं, त्याला पाना लावून त्यांनी ते जरासं सैल केलं. तेलाचा एक थेंब आला. चाक तसंच जाम. त्यांनी निपल परत आवळलं आणि मान डोलावली.

समजावून सांगितलं ते नंतर, चहा पिताना. निपल सोडल्यावर चाक मोकळं झालं असतं तर तेलाचा दाब आत कोंडला होता असं ठरलं असतं: होज पाइप आतून फुगलेला, नाहीतर मास्टर सिलिंडर तेल परत घेत नाही. पण या गाडीत चॅसीवरून मागच्या अ‍ॅक्सलला एकच होज येतो आणि पुढं दोन्ही चाकांना फाटे फुटतात. तो दोषी असता तर उजवंही तापलं असतं. जुनं ब्रेक ऑइल पाणी धरतं हे खरं. डॉट ३ नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी धरल्यावर ही हद्द १४० पर्यंत उतरते. पण तेल उकळलं तर पेडल खाली जातं, चाक धरून बसत नाही. म्हणजे शूच अडकला होता.

मग त्यांनी ड्रमच्या कडेला हातोड्याचा एकच ठोका दिला. आत खट् वाजलं आणि चाक फिरलं.

"बसला हुता. उठला."

गॅरेजपर्यंतच्या प्रत्येक खड्ड्यानं आजवर हेच काम केलं होतं. कराडला पोचेपर्यंत पुरावा झटकून टाकलेला असायचा.

संध्याकाळी ड्रम उतरवला. कॉम्प्रेसरची हवा न मारता मिस्त्रींनी आतली धूळ साबणाच्या पाण्यानं धुतली. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, तेव्हापासूनची त्यांची ही सवय. लायनर नवाच होता. शू काढल्यावर बॅक प्लेटवर बोटाच्या पेराएवढे उंचवटे दिसले. शूची कड ज्यांवरून मागेपुढे सरकते, ते हे. "नखानं बगा." मी नख फिरवलं. ते चरात उतरलं आणि टोकाला एका धारेवर अडलं.

वर्षानुवर्षं घासून शूनं स्वतःसाठी खाच पाडली होती. ड्रमला टर्न मारल्यावर ड्रमचा व्यास वाढला, शूला आणखी बाहेर जावं लागलं. घाटात ड्रम तापून फुगला, पाय दाबून धरला, की शू खाचेच्या टोकाची धार चढून पलीकडे जायचा आणि परतताना तिथंच अडायचा. मिस्त्रींचा हा तर्क. मला तो पटला, आणि तसं असेल तर आधीच्या दुरुस्तीनंच दुखणं पुढं नेलं होतं. तीनदा लायनर बदलताना ती खाच प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर होती. पण बॅक प्लेटकडं कोण बघतो? ती काही झिजणारा पार्ट म्हणून दुकानात मागितली जात नाही.

उपाय ऐकायला सोपा: खाच वेल्डिंगनं भरा, घासून सपाट करा. पण वेल्डिंगच्या उष्णतेनं पत्रा वाकला तर शू तिरका बसतो आणि लायनर एकाच कडेनं झिजतो. म्हणून मिस्त्री एक टिपका मारायचे, थांबायचे, पत्रा निवला की दुसऱ्या उंचवट्यावर जायचे. मग कानस. शूच्या कडेला शेंदूर लावून टेकवायचा, कुठं उमटतो ते बघायचं, तेवढंच घासायचं. सहा उंचवट्यांना अर्धा दिवस गेला. वर ग्रीस लावलं ते बोट पुसल्यासारखं. जास्त झालं की वितळून लायनरवर येतं आणि नवीनच पकड सुरू होते.

एवढ्यात हबच्या खालच्या अंगाला काळपट ओल दिसली. क्राऊन ऑइल, म्हणजे अ‍ॅक्सलमधलं तेल. सील झिरपायला लागलं होतं. नवं सील टाकलं, पण ते ज्या जागेवर फिरतं तीच चरली होती. मिस्त्रींनी पॉलिश पेपर मारला आणि याची खात्री देत नाही म्हणून स्पष्ट सांगितलं. ड्रमही मोजला. आणखी एक टर्न सोसेल इतकी जाडी त्यात उरली नव्हती. नवा घ्यायचा तर जोडीनं घ्यावा, नाहीतर दोन बाजूंचा ब्रेक सारखा लागत नाही.

आणि उजवी बाजू? तीही उघडून बघितली. खाच तिथंही होती, कमी खोल.

"आणखी एक दिस द्या," मिस्त्री म्हणाले.

"मिस्त्री, एक खेप गेली की हप्ता गेला. पासिंग गुरुवारी हाय, ते झालं की आणतो." पासिंगला गाडी रिकामी आणि गार असेल, बहुतेक पास होईल. हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

उजवा ड्रम तसाच परत चढवला. मिस्त्रींनी चाकाचे नट स्वतः आवळले, पाण्याची बाटली भरून ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवली आणि खिडकीशी आले.

"पोफळीला उतरून दोनी ड्रमांवर पाणी मार. उजवं चर्र म्हनलं तर तिथनंच फोन कर. आन् ठोकू नको."