उणे १८३ अंशांचे अर्थशास्त्र

रसायनशास्त्र म्हटले की परीक्षानळ्या आणि समीकरणे एवढेच आपणांस आठवते. परंतु मोठ्या रुग्णालयांच्या आवारात, आपल्या घाटीतही, जी उंच टाकी उभी असते, तीत या शास्त्राचा एक विलक्षण विजय साठविलेला असतो. सुमारे उणे १८३ अंश सेल्सियसवर द्रवरूप झालेला तो प्राणवायू होय.

हवा अतिशय थंड केली की तिचा द्रव होतो. त्यातील नत्रवायू उणे १९६ अंशांवर उकळतो, प्राणवायू उणे १८३ वर. या तेरा अंशांच्या अंतरामुळे दोघांना वेगळे करता येते. १८९५ मध्ये जर्मनीतील कार्ल फॉन लिंडे यांनी हवेचे द्रवीकरण उद्योगाच्या आवाक्यात आणले. या द्रवांचे गुणधर्म अजब आहेत. द्रव प्राणवायू फिकट निळा असतो आणि शक्तिमान चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ओतला तर तेथेच लटकून राहतो. रेणूतील जोडीविना राहिलेल्या दोन इलेक्ट्रॉनांची ही किमया. द्रवनत्र जमिनीवर सांडले तर त्याचे थेंब तापल्या तव्यावरील पाण्यासारखे नाचत पळतात, कारण त्याच्या दृष्टीने आपली फरशी हाच तापलेला तवा! १९०८ मध्ये लायडेन येथे कॅमर्लिंग ओन्नेस यांनी प्रथम द्रवरूप केलेला हेलियम तर उणे २७१ अंशांखाली पेल्याची भिंत चढून बाहेर ठिबकतो.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला यात आणखी एक गोष्ट दिसते. एक लिटर द्रव प्राणवायूपासून सुमारे ८६० लिटर वायू मिळतो. म्हणून त्याची वाहतूक परवडते. मात्र टाकी कितीही उत्तम असली तरी थोडा द्रव उकळून जातच राहतो. अशा मालात खरे भांडवल असते ते त्याची थंडी राखणाऱ्या पात्रात. एप्रिल २०२१ मध्ये देशाला हे कळले. पूर्वेकडील पोलाद कारखान्यांत प्राणवायू होता, पण तो आणण्यास टँकर अपुरे होते. १९ एप्रिल रोजी कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला धाडावे लागले. ते भरून परतण्यापूर्वीच, २१ एप्रिलला, नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयातील टाकीला गळती लागली, दाब घसरला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. आवारात पसरलेला पांढरा ढग सर्वांनी पाहिला. प्राणवायू डोळ्यांना दिसत नाही; तो ढग थंडीने घनीभूत झालेल्या हवेतील बाष्पाचा होता.

हेच गणित गोठ्यातही लागू पडते. हर्सूलच्या गोठीत रेत प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी तयार झालेल्या रेतमात्रा द्रवनत्राच्या पात्रातून गावोगावी जातात. पात्र वेळेवर भरले नाही तर त्या निकामी होतात, गाय गाभण राहत नाही आणि शेतकऱ्याला पुढच्या माजासाठी सुमारे एकवीस दिवस थांबावे लागते.

सारांश, यंत्रसामग्री विकत घेता येते. तिचा स्वभाव जाणणारी माणसे मात्र घडवावी लागतात. आपल्या महाविद्यालयांनी व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी विद्यार्थ्यांना अशी एखादी टाकी दाखवून तिच्या झडपा आणि दाबमापक समजावून दिले, तर रसायनशास्त्राचा याहून मोठा गौरव तो कोणता?