पिस्टन कुठे थांबला होता?

गोठ्यात नाहीतर पडवीत वर्षानुवर्षं उभी राहिलेली जावा मोटारसायकल न्यायला गेलं, की पहिला मोह किक मारून बघण्याचा होतो. तो आवरावा. गाडी शेवटची बंद झाली तेव्हा पिस्टन सिलिंडरमध्ये नेमका कुठे थांबला, यावर आतल्या गंजाची जागा ठरलेली असते. दिसायला क्षुल्लक, पण मला ही गोष्ट विलक्षण वाटते.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून या गाड्या बनू लागल्या आणि १९९६ मध्ये तो बंद पडला. अडीचशे सीसीचं हे टू-स्ट्रोक इंजिन मुळात चेकोस्लोव्हाकियाचं. त्यात व्हॉल्व्ह नाहीत. सिलिंडरच्या भिंतीत भोकं आहेत आणि वरखाली होणारा पिस्टनच ती झाकतो, उघडतो. पिस्टन खाली असला की धुराची वाट मोकळी, आणि सायलेन्सरमधून येणारी दमट हवा थेट सिलिंडरमध्ये. एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर, म्हणजे अशा वाटाही दोन! पिस्टन वर असेल तर धुराची वाट झाकलेली, पण कार्ब्युरेटरकडची उघडी. मग ओल क्रँककेसमध्ये शिरते. बहुतेक वेळा दार कुठलं ना कुठलं उघडं राहतं. कोकणातल्या चार पावसाळ्यांत बीडाच्या सिलिंडरवर गंज चढतो, पिस्टनच्या रिंगा त्यात अडकून बसतात. गाडी जाम झाली म्हणतात ती अशी.

तरीही अनेक इंजिनं वाचतात. या टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या बेअरिंगला वेगळं ऑइल मिळत नाही, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच तिथवर पोचतं. गाडी उभी राहिली की पेट्रोल उडून जातं, ऑइलचा पातळ थर मागे उरतो. गंजाला अडवायला आत तेवढंच असतं. कार्ब्युरेटरमध्ये मात्र हाच अवशेष चिकट होऊन बारीक जेट बुजवतो.

म्हणून जागेवर प्लग काढून भोकातून टॉर्च मारावा. मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं जरासं पुढेमागे हलवून बघावं. टॉप गिअरमध्ये चाकाचा जोर क्रँकवर सर्वांत सहज पोचतो, आणि किकसारखा झटकाही बसत नाही. जावात किक आणि गिअरचा दांडा एकच. जाम इंजिनवर तो झटकला तर आतले दाते तुटायची भीती. चाक हललं नाही तर ओढाताण नको. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून गाडी तशीच राहू द्यावी.

टेम्पोत चढवण्याआधी इंजिन आणि चासी नंबर रॉकेलच्या बोळ्यानं पुसून आरसी बुकाशी ताडून घ्यावेत. हे राहिलं तर बाकीची मेहनत रस्त्यावर उतरणारच नाही.

घरी आल्यावर, पिस्टन सुटला की हेड काढून सिलिंडरच्या आत बोट फिरवावं. रिंगा थांबल्या होत्या तिथे गंजाचा पट्टा असतो. तो नुसता डाग असेल तर घासून सिलिंडर वापरता येतो. नखाला खड्डा लागला, तर सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन शोधावा लागतो.