आजीचे बियाण्याचे मडके

गौरी-गणपती आटोपले, मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पाभर चालू लागली, की आमची आजी हमखास आठवते.

हुरड्याच्या दिवसांत आम्ही नातवंडे कणसे मोडायला धावायचो. पण त्याआधी आजीची फेरी झालेली असे. भरदार कणीस दिसले की ती ताटाला चिंधी बांधायची. "ह्याला हात लावायचा न्हाई. हे बियाचं हाय." मळणीच्या वेळी ती कणसे वेगळी बडवून, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून बी मडक्यात भरले जाई. तोंड शेणमातीने लिंपले, की पेरणीपर्यंत मडके उघडायचे नाही.

१९७२ च्या दुष्काळात या मडक्याची कसोटी लागली. खरीप गेला, रब्बीही गेली. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. घरात रेशनची तांबडी मिलो. तिची भाकरी थापताना तुटायची. कामावर मिळालेली सुकडी आई पदरात बांधून आणायची. एका रात्री धाकटा भाऊ भुकेने रडायचा थांबेना. वडील उठून मडक्याकडे गेले. आजी आडवी आली.

"भूक उद्याबी लागंल. बी खाल्लं तर पेरशील काय?"

स्वतःच्या वाटणीची चतकोर तिने धाकट्याला दिली आणि पाणी पिऊन निजली. खरे सांगायचे तर, त्या रात्री आम्हाला तिचा रागच आला होता.

१९७३ साली पाऊस झाला. शेजाऱ्यांचे बी मात्र दुष्काळात पोटात गेले होते. आजीने मडके उघडले आणि निम्मे बी त्यांना मोजून दिले. वडील कुरकुरले. बी सवाई-दिडीने द्यायची तेव्हा रीत होती. आजी म्हणाली, "पिकलं तर जेवढ्यास तेवढं आणा. न्हाई पिकलं तर ऱ्हाऊ द्या." दुष्काळात बादशहाची कोठारे लोकांना खुली करणाऱ्या दामाजीपंतांची गोष्ट ती आम्हाला नेहमी सांगायची. आमच्याकडे कोठार नव्हते, मडके होते.

मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतूनच निवडला गेला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आजी तोवर नव्हती. पण चांगले कणीस निवडून राखायचे, हे शास्त्र तिला ठाऊक होते.

आज शेत बघतो तो त्या रात्री रडणारा धाकटाच. ज्वारी उपटायला मजूर मिळत नाहीत, हिशेब जुळत नाही, हे तोही कबूल करतो. तरी दोन एकर मालदांडी असतेच. बहिणीने सासरीही मडके राखले आहे.

शेतकरी बंधूंनो, संकरित बी दरवर्षी विकतच आणावे लागते. सरळ वाणाचे बी मात्र घरी राखता येते. पाकीट जरूर आणा. पण घरात एक मडके असू द्या, आणि चिंधी बांधायला नातवंडांना सोबत न्या. आम्ही त्या चिंधीपाशीच शेती शिकलो.