पदवीनंतरचा बंद हंगाम

विद्यापीठाचे निकाल लागले, की शहाद्याच्या बसस्टँडपासून आमच्या पुरुषोत्तमनगरच्या कॉलनीपर्यंत एकच प्रश्न फिरू लागतो, "मंग, आते काय?" विचारणारे मायेनेच विचारतात. पण बी.ए., बी.एस्सी. झालेल्या मुलाला तो रोज ऐकावा लागला, की तो चहाच्या टपरीवर जाणं बंद करतो. मग लग्नकार्याला जाणं बंद करतो. आणि एक दिवस माझ्याकडे येऊन म्हणतो, "मॅडम, आता काही होणार नाही."

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. माझ्या हाताखालून गेलेली मुलं पदवी झाल्यावर पुन्हा भेटायला येतात, तेव्हा बाविसाव्या वर्षी हे वाक्य त्यांच्या तोंडी ऐकून जीव तुटतो. त्यांना "पॉझिटिव्ह राहा" एवढं सांगून मी परत पाठवू शकत नाही, कारण त्यांची भीती खोटी नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालानुसार २०२२ मध्ये देशातल्या तरुण पदवीधरांमध्ये बेरोजगारीचं प्रमाण २९.१ टक्के होतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ते ३.४ टक्के होतं. ज्याला घरी बसणं परवडतच नाही तो मिळेल ते काम धरतो. शिकलेला मुलगा शिक्षणाला साजेशा कामाची वाट पाहतो आणि तशी कामं थोडी असतात.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आहे. २०११ च्या जनगणनेत इथली साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती. लोकसंख्येत आदिवासी समाज दोन तृतीयांशाहून जास्त. म्हणजे आज पदवी घेणारी कितीतरी मुलं घरातली पहिलीच पदवीधर. ऊस कधी तोडायचा, पपईवर कोणता रोग पडलाय, हे बापाला बरोबर कळतं. पण मुलाखतीत काय विचारतात, बायोडेटा कसा लिहितात, हे सांगणारं घरात कुणी नसतं. अशा मुलाचं घाबरणं म्हणजे कमकुवतपणा नव्हे.

मग आशा धरायची ती कशाच्या जोरावर? इथे मला एका अभ्यासाने फार मदत केली. गाब्रिएले ओएटिंगेन आणि डोरिस मायर या दोन मानसशास्त्रज्ञांचा शोधनिबंध २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्या जर्मन पदवीधरांचा त्यांनी पाठपुरावा केला होता. आपल्याला नोकरी मिळेल असं ज्यांना स्वतःच्या अनुभवावरून वाटत होतं, त्यांचं पुढे चांगलं झालं. पण छान ऑफिस, मोठा पगार अशी गोड चित्रं जे वारंवार मनात रंगवत होते, त्यांनी दोन वर्षांत कमी अर्ज केले, त्यांना नोकऱ्याही कमी चालून आल्या आणि पगारही कमी मिळाला. स्वप्नरंजनातच मिळाल्याचं समाधान होतं आणि हातपाय हलत नाहीत. म्हणून अभ्यासिकांच्या भिंतींवरची 'स्वप्न बघा, ते पूर्ण होईलच' ही वाक्यं मला धोक्याची वाटतात. ओएटिंगेन यांचा पुढचा सल्ला साधा आहे: इच्छा मनात आणा, तिच्या आड येणारी आपली स्वतःची अडचण नेमकी ओळखा आणि ती आली की काय करायचं ते आधीच ठरवा.

हे मला पुस्तकातून कळलं ते बरंच नंतर. त्याआधी माझ्या वडिलांनी, आबांनी शिकवलं होतं. आबा साखर कारखान्यात फिटर होते. पुरुषोत्तमनगर ही सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याची वसाहत. हंगाम सुरू झाला की बैलगाड्या, ट्रॅक्टर, काट्यावरची रांग, रात्रपाळीचा भोंगा असं सगळं जिवंत असतं. गाळप संपलं की बाहेरच्या माणसाला वाटतं, कारखाना झोपला. आत मात्र ओव्हरहॉलिंग चालू असतं. मिलचे रोलर उतरतात, रस तापवणाऱ्या हीटरच्या नळ्या घासून साफ होतात, गव्हाणीची साखळी कडी-कडीने तपासली जाते. बॉयलर पुन्हा पेटतो तेव्हा कारखाना नीट चालेल की नाही, हे या महिन्यांत ठरत असतं.

बी.एस्सी. झाल्यावर अंकलेश्वरच्या एका कंपनीत मुलाखतीला गेले. त्यांनी इंग्रजीत विचारलं, मला उत्तर येत होतं पण बोलता आलं नाही, आणि समोरच्या साहेबांनी माझं वाक्य पूर्ण होऊ न देताच फाइल मिटली. घरी येऊन मी कॉटवर पडून राहू लागले. बरेच दिवस आबा काही बोलले नाहीत. मग एकदा म्हणाले, "पोरी, कारखाना बंद असतो तेव्हा आम्ही घरी झोपतो का गं? तुझा कोणता पार्ट खराब आहे ते तर सांग."

त्या प्रश्नाचं उत्तर देता येत होतं. इंग्रजी बोलणं, आणि उपकरणांवर हात बसलेला नसणं. मी कॉलेजच्या सरांना विचारून प्रॅक्टिकलच्या वेळी प्रयोगशाळेत मदतीला जाऊ लागले. संध्याकाळी कॉलनीतल्या मुलांना इंग्रजीतून विज्ञान शिकवायला घेतलं. बोलायची सवय त्यातूनच झाली. पगार शून्य होता. पण काल जे जमलं नव्हतं ते आज जमलं, एवढं रोज सांगता येत होतं.

यामागचं शास्त्र असं. १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. ज्यांना विजेच्या धक्क्यापासून सुटताच येत नव्हतं, त्यातली बरीच कुत्री पुढे सुटायची वाट मोकळी असतानाही पडून राहिली. 'असहायता शिकली जाते', असा निष्कर्ष तेव्हा निघाला. २०१६ मध्ये त्याच दोघांनी मेंदूच्या नव्या संशोधनाच्या आधारे तो उलटा केला. लांबलेल्या त्रासात गळून पडणं ही मूळचीच प्रतिक्रिया आहे. 'माझ्या हालचालीने फरक पडतो' हे मात्र शिकावं लागतं. म्हणजे कॉटवर पडलेल्या मुलाला आळशी म्हणणं चूक आहे. त्याला लहानसं, फळ दिसेल असं काम हवं असतं.

बंद हंगामातल्या अशा तयारीचं मोठं उदाहरणही याच जिल्ह्यात घडलं. डॉ. राजेंद्र भारूड २०१९ ते २०२१ या काळात नंदुरबारचे जिल्हाधिकारी होते. साक्री तालुक्यातल्या सामोडे गावच्या गरीब भिल्ल कुटुंबातला मुलगा डॉक्टर आणि मग आयएएस झाला, ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. कोरोनाची पहिली लाट ओसरत असताना, अनेकांना संकट टळलं असं वाटत होतं, तेव्हा त्यांनी जिल्ह्यात ऑक्सिजन निर्मितीचे प्रकल्प उभारायला घेतले. २०२१ ची दुसरी लाट आली तेव्हा ते उपयोगी पडले. मी आशावाद म्हणते तो हा.

पुढे मला पहिली नोकरी मिळाली ती माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत. केळी-पपईच्या शेतातली माती यायची. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब काढायचा. ती जागा रिकामी असल्याचं मला सांगितलं खताच्या दुकानदारांनी, ज्यांच्याशी आमचा फक्त नमस्कारापुरता संबंध होता. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हेच दाखवलं: ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांना ती रोजच्या घसटीतल्या माणसाकडून कळली होती, बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून. जवळच्यांना आपल्याएवढंच ठाऊक असतं. म्हणून निकालानंतर घरात लपणं सगळ्यात महाग पडतं.

वाटाही फक्त एमपीएससीची नाही. रसायनशास्त्राच्या पदवीधराला पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर आणि अल्कोहोल तंत्रज्ञान शिकता येतं. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली, तिच्यात पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. ती कायमची नोकरी नव्हे हे समजून, कामाचा अनुभव म्हणून तिच्याकडे पाहावं. स्पर्धा परीक्षा द्यायची तर जरूर द्या, पण किती वर्षं द्यायची ते आधी घरात बसून ठरवा. त्या वर्षांत हातात एक तरी कौशल्य येऊ द्या.

आणि गावातल्या मोठ्यांना माझी विनंती आहे. पदवी झालेल्या मुलाला "आता काय?" विचारू नका, "सध्या काय शिकतोयस?" असं विचारा. तुमच्या ओळखीच्या दुकानात, दवाखान्यात, पतसंस्थेत, शाळेत, सुरतेच्या कारखान्यात जागा निघाल्याचं कानावर आलं, तर फार घसट नसली तरी त्याच्या दारात जाऊन ते सांगा.