वेचणीवालीचा अंगठा

ड्रोनचं आज राहू द्या. गेल्या आठवड्यात कबूल केलं होतं खरं, पण मध्येच लोधीखेड्याहून एका वाचकाचं पत्र आलं आणि ते बाजूला सारून पुढे जाववेना. संत्र्याच्या बगिच्यातल्या ओलावा मोजणाऱ्या सेन्सरवर मी इतकं रमून लिहिलं, त्यावर या गृहस्थांनी एकच ओळ लिहिली आहे : 'बगिचावाल्याले मोबाइलवर मेसेज येते, वेचणीवालीले काय येते?'

प्रश्न लोधीखेड्याहूनच यावा, हे बरोबर आहे. तिथे बसलं की स्थलांतर दोन्ही बाजूंनी दिसतं. गावातली शिकलेली पोरं नागपूरकडे जातात. त्याच वेळी वरून, तामिया, जुन्नारदेव, हर्रईच्या डोंगरपट्ट्यातून मजुरांच्या टोळ्या खाली उतरतात. काही सौंसरच्या कपाशीत थांबतात, काही महाराष्ट्राची सीमा ओलांडून सावनेर, काटोल, नरखेड, वरुडपर्यंत जातात. पूर्वी या रस्त्यावर छिंदवाडा-नागपूरची छोटी गाडी होती. रामाकोना, सौंसर, लोधीखेडा, केळोद, सावनेर करत रमतगमत जाणारी. रुंदीकरणासाठी २०१५ मध्ये ती बंद झाली. रेल्वेप्रेमी तिच्यासाठी हळहळले, तिचे फोटो जपून ठेवले. मला त्या गाडीची आठवण वेगळ्या कारणाने येते : बोचकी, भांडी, कोंबडीसुद्धा घेऊन अख्खं कुटुंब तिच्यात मावायचं. पुढे या टोळ्या पिकअपमध्ये उभ्याने येऊ लागल्या. मोठी गाडी आली तरी पिकअप गेली नाही, कारण ती थेट शेताच्या धुऱ्यावर नेऊन सोडते.

आता हवामानाकडे येऊ. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण पाऊसमान मात्र त्याच काळात घटत होतं. म्हणजे पाऊस येतो तेव्हा झोडपतो आणि मधले खंड लांबतात. डोंगरातल्या कोरडवाहू मक्याला आणि कोदो-कुटकीला हे दोन्ही सोसत नाही. वर पीक गेलं की खाली येणारी माणसं वाढतात, हे आपण या लेखमालेच्या तिसऱ्या भागात पाहिलंच आहे.

पण त्या भागात मी अर्धंच बोललो होतो. वरून निघालेल्या माणसाला खालीही तोच पाऊस गाठतो. वेचणीची मजुरी किलोवर असते. दिवाळीच्या सुमाराला अवकाळी झाला, फुटलेली बोंडं भिजली, की कापूस वाळेपर्यंत वेचणी बंद. शेतकऱ्याचा कापूस पिवळा पडतो, भाव उतरतो. त्याची बातमी होते, पंचनामा होतो, विमा असला तर अर्जही होतो. शेतातल्या कोठ्यात बसून राहिलेल्या टोळीचा पंचनामा कोण करणार? चार-सहा दिवस हाताला काम नाही आणि पोट तर रोजचं. मग उचल घ्यायची. ती पुढच्या वेचणीतून कापली जाते. भिजलेला आठवडा संपतो, पण उचल हंगामभर अंगावर राहते.

त्या आठवड्यात मजुराला पावसाचा अंदाज कळून फारसा उपयोग नाही. त्याला धान्य लागतं. म्हणून पत्रलेखकाला माझं उत्तर असं : वेचणीवालीला येतो तो मेसेज नाही, तिचा अंगठा येतो. रेशन दुकानातल्या त्या ई-पॉस यंत्रावरचा. आपण त्याला अजून 'कंट्रोल'चं दुकानच म्हणतो. हवामानबदलाच्या कुठल्याही परिषदेत या यंत्राला कुणी तंत्रज्ञान म्हणून हार घालत नाही. माझ्या मते मात्र मध्य प्रदेश-महाराष्ट्राच्या या सीमेवर हवामानाच्या माराविरुद्ध मजुराच्या हाती आलेलं सगळ्यात कामाचं तंत्रज्ञान तेच आहे.

याच यंत्राच्या आधारे १ जानेवारी २०२० पासून बारा राज्यांत एकमेकांची शिधापत्रिका चालू लागली. त्या बारांत मध्य प्रदेश होता आणि महाराष्ट्रही होता. २०२२ मध्ये आसाम आलं आणि देश पुरा झाला. कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट. खरी गंमत वाटपात आहे. पाच जणांच्या प्राधान्य कुटुंबाचे महिन्याचे २५ किलो. तिघं वेचणीला खाली आली, म्हातारी आणि नातू वर राहिले, तर तिघांचे १५ किलो नरखेडला उचलता येतात आणि उरलेले १० तामियाच्या दुकानात म्हातारीसाठी शिल्लक राहतात. स्थलांतरात घर दुभंगतं, हे गृहीत धरून केलेली सरकारी योजना विरळाच. ही त्यातली एक.

कागदावर हे असं आहे. दुकानात मात्र भलतीच अडचण निघते. महाराष्ट्रातल्या दुकानदाराच्या डोळ्यांना सवय पिवळ्या नि केशरी पुस्तिकेची. मध्य प्रदेशातला मजूर काढतो 'पात्रता पर्ची', तिच्यावर समग्र आयडी. 'हे आपलं कार्ड नव्हे,' म्हणून त्याला परत पाठवलं जातं. यंत्राला पुस्तिकेचा रंग लागत नाही. शिधापत्रिकेचा किंवा आधारचा क्रमांक आणि अंगठा पुरतो. दुसरी सबब साठ्याची : 'आमच्याच लोकांना पुरत नाही.' यात थोडं तथ्यही आहे, कारण दुकानाचा साठा मुळात तिथल्या कार्डांच्या हिशेबाने येतो आणि टोळी काही कळवून येत नाही.

तिसरी अडचण अंगठ्याचीच. पऱ्हाटीतून दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईची बोटं बघा. वाळक्या बोंडांच्या टोकांनी ओरखडलेली, भेगाळलेली. यंत्र तिला ओळखत नाही. अशा वेळी दुसरं बोट, डोळ्याची बुबुळं, मोबाइलवरचा ओटीपी किंवा कार्डावरचा घरातला दुसरा माणूस, असे पर्याय नियमांत आहेत. ते तिला ठाऊक नसतात आणि दुकानदाराला सांगायला वेळ नसतो.

तरुणांनी काय करायचं ते इथे आहे. 'स्थलांतर थांबवणारं ॲप' अशा नावाचे प्रकल्प आता महाविद्यालयांच्या स्पर्धांतून हमखास दिसतात, आणि त्यांना बक्षिसंही मिळतात. मला ते पटत नाहीत. माणूस पोटासाठी निघाला आहे. त्याला थांबवायचं नाही, त्याची वाट सोपी करायची आहे. सरकारचं 'मेरा राशन' ॲप मार्च २०२१ पासून आहे. जवळचं दुकान, शिल्लक धान्य, सगळं त्यात दिसतं. पण ज्याला वाचता येतं त्यालाच. डोंगरातल्या गोंडी बोलणाऱ्या आजीला त्याचा काय उपयोग?

यावर डोकं लढवलं ते 'सीजीनेट स्वरा'ने. शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० च्या सुमारास सुरू केलेलं हे आवाजाचं वार्तापत्र. मिस्ड कॉल द्यायचा, समोरून फोन येतो, आपली तक्रार आपल्या बोलीत सांगायची, दुसऱ्याची ऐकायची. साधा फोनही पुरतो. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मदतीने त्यांनी 'आदिवासी रेडिओ' केला. तो गोंडी मजकूर वाचून दाखवतो. इथे कल्पकता दिसते ती पडदा टाळण्यात. सौंसर, पांढुर्ण्याच्या पोरांनी नवं ॲप बांधण्याआधी हे ऐकून पाहावं.

त्याहून सोपं कामही आहे. पिकअपमध्ये चढण्याआधी घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी झाली आहे का, आधारला जोडलेला मोबाइल नंबर अजून चालू आहे का, टोळीतल्या कुणाकडे १४४४५ हा मदतीचा क्रमांक आहे का, एवढं विचारायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. लोधीखेड्याच्या बाजारात, वेचणी सुरू होण्याआधी, एक टेबल आणि मोबाइल वापरता येणारी दोन पोरं. ई-केवायसी राहिलीच असेल तर ती मुक्कामाच्या गावच्या दुकानातही होते, हेही त्यांनी सांगावं. पत्रलेखक महाशय, तुमच्या गावातून हे झालं तर कळवा. दुकानदाराने काय उत्तर दिलं तेही लिहा, मला त्यातच जास्त रस आहे.

धान्याचं झालं, पोरांचं राहिलं. टोळीबरोबर आलेल्या तान्ह्याला अंगणवाडीचा आहार कोण देतं? महाराष्ट्राने त्यासाठी 'महाएमटीएस' नावाची नोंद-पद्धत अमरावतीसह सहा जिल्ह्यांत आधी करून पाहिली. वरुड त्याच जिल्ह्यात, म्हणजे पांढुर्ण्याच्या उशाशी. पुढच्या आठवड्यात तिकडे जाऊ. ड्रोन त्यानंतर.